गोल्फचा पहिला अठरा होलचा राउंड: वेळ सांभाळण्याची तयारी मी सोलापुरातच केली

पुण्याला जाऊन पहिला पूर्ण राउंड खेळण्याआधी मी एक हिशेब मांडला. नवख्या चौघांचे मिळून ४४० फटके सहज होतात. प्रत्येक फटक्यामागे २० सेकंद जास्त गेले, तरी जवळजवळ अडीच तास वाढतात आणि मागचे सगळे गट खोळंबतात. फटका वाईट बसला तर कुणी रागावत नाही. राग येतो तो दोन फटक्यांच्या मधे वेळ घालवला की.

म्हणून सराव त्या मधल्या वेळेचाच केला. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत ग्राउंडवर जायचं, बारा पावलांवर घडी घातलेली चादर ठेवायची आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. चेंडूच्या मागून दिशा बघायची, एकच सराव स्विंग, मग फटका. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. एवढ्यात हे सगळं निवांत बसतं. बसत नाही ते पाळी आल्यावर ग्लोव्ह शोधायला आणि क्लब (चेंडू मारायची काठी) निवडायला लागलं तर. ती कामं दुसरा चालत असतानाच उरकायची. तो फटका घ्यायला उभा राहिला की मात्र हलायचं नाही, आपली सावलीही त्याच्या रेषेवर पडू द्यायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ हरवलेला चेंडू खातो. झाडीत गेल्याची शंका आली की पुढे जाण्याआधी तिथूनच दुसरा चेंडू मारायचा, पण आधी ‘प्रोव्हिजनल’ (म्हणजे तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट म्हणायचं. न बोलता मारला तर तोच चेंडू खेळात येतो, पेनल्टीसकट, आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो. शोधायला ३ मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी ५ होती. आम्ही गंमतीचा राउंड खेळणार होतो, म्हणून आधीच ठरवलं: पारच्या, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा. नवख्यांनी हे जरूर ठरवावं.

चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर लाजायचं नाही, जोरात ‘फोर!’ ही सावध करणारी हाक द्यायची. आपल्याला ऐकू आलं तर वर न बघता डोकं हातांनी झाकून वाकायचं.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचलो की बॅग पुढच्या टीच्या (पुढचा होल सुरू करायच्या जागेच्या) बाजूला ठेवायची आणि स्कोअरही पुढच्या टीवर जाऊनच लिहायचा. दुसऱ्याच्या पटच्या (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायच्या फटक्याच्या) रेषेवर पाय द्यायचा नाही. चेंडू उंचावरून पडला की खळगा होतो, तो आपणच बुजवायचा. फोर्क (खळगे बुजवायचं छोटं काटेरी अवजार) खळग्याच्या कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलायचं, असं चारी बाजूंनी, मग पटरने (पट मारायच्या क्लबने) थोपटायचं. बरेचजण फोर्कने खालची माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका पडतो.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सखल बाजूने उतरायचं, फटक्याआधी चेंडूच्या पुढेमागे वाळूला क्लब टेकवायचा नाही आणि निघताना रेक मारून पावलं बुजवायची.

एवढं करूनही पुढचा होल रिकामा आणि मागचा गट थांबलेला दिसला, तर बाजूला सरून त्यांना हाताने पुढे यायची खूण करावी. ते आपल्या टप्प्याबाहेर गेले की मगच आपला फटका.