कुली आणि तो दुसरा शब्द

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला येऊन आम्हाला तीन महिने झाले होते. भाड्याचं पहिलं घर सोडून दुसऱ्या घरी जायचं होतं आणि फ्रीज, कपाटं, सोफा न्यायचा कसा, याच्या विवंचनेत मी होते. शेजारच्या आंटी चहाला आल्या होत्या. इथे भारतीय वंशाच्या माणसांत वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, नावाने हाक मारत नाहीत. मी सहज विचारलं, "आंटी, इथे कुली कुठे मिळतील?"

त्यांनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत. जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेटी, माझ्यासमोर बोललीस ते बोललीस. बाहेर कुणापुढे हा शब्द काढू नकोस."

मला कळेचना. कुली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो मनमाड नाहीतर पुणे स्टेशनवरचा लाल शर्ट, दंडावरचा पितळी बिल्ला, डोक्यावर एकावर एक दोन बॅगा. कष्टाचं काम आहे, त्याला मान कमी आहे हे ठाऊक होतं; पण या शब्दाने कुणाच्या पोटात कालवाकालव होत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. पुढे लक्षात आलं की आपल्याकडेही कुणाला तरी तो खटकला असणार. 2016च्या रेल्वे अर्थसंकल्पात आपल्याच कोकणातल्या सुरेश प्रभूंनी 'यापुढे कुलींना सहायक म्हणायचं' असं जाहीर केलं होतं. तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंटी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत त्यांच्या आजीच्या नोंदीची झेरॉक्स होती. 'आजी' हा शब्द त्यांचाच. त्यांचं घराणं बिहारकडचं, आणि भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. त्या कागदावर आजीचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, गाव, ठाणं, जिल्हा आणि अंगावरची खूण होती. सगळ्यांत वर एक आकडा. मजूर नाताळच्या, म्हणजे डर्बन जिच्यात होतं त्या इंग्रज वसाहतीच्या, किनाऱ्यावर उतरला की त्याला असा क्रमांक मिळायचा आणि पुढे सरकारदरबारी तीच त्याची ओळख. 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून 'ट्रुरो' जहाज इथे लागलं, त्यात 342 माणसं होती. 1911पर्यंत हा आकडा 1,52,184 झाला. बहुतेक जण तमिळ-तेलुगू मुलखातले आणि बिहार-अवधकडचे. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला महिना 10 शिलिंग मजुरी आणि उसाचे मळे. करार संपवून कुणी इथेच राहू पाहिलं, तर 1895च्या कायद्याने त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसला. आपल्या मराठी माणसांनी हे भोगलं ते मॉरिशसमध्ये. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले, त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. पूर्वी तो कुली घाट होता.

हा शब्द मुळात मजुरीचा. तमिळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी; काही अभ्यासक त्याचा संबंध गुजरातेतल्या कोळी समाजाच्या नावाशी जोडतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र कामाचं नाव वंशाला चिकटलं. मळ्यातला मजूर कुली, त्याला धान्य विकणारा कुली व्यापारी, आणि विलायतेहून कायदा शिकून आलेले गांधी कुली बॅरिस्टर. जोहान्सबर्गकडच्या ट्रान्सवाल प्रांतात तर 1885च्या कायद्यातच हा शब्द घातला होता. जोहान्सबर्गमध्ये भारतीयांना ज्या वस्तीत कोंडलं होतं, तिचं नावच कुली लोकेशन. 1904मध्ये प्लेगच्या साथीत ती जाळून टाकली.

कागद पिशवीत ठेवताना आंटींनी वडिलांची गोष्ट सांगितली. पोस्टात गोऱ्यांची खिडकी वेगळी, बाकीच्यांची वेगळी. वडील पन्नाशीचे, आंटी आठ-नऊ वर्षांच्या, बापाचा हात धरून उभ्या. खिडकीमागच्या विशीतल्या पोराने हाक मारली, "कुली, पुढे ये." वडील म्हणाले, "येस बास." बास म्हणजे मालक. आंटी म्हणाल्या, "शब्दाचं दुःख नंतर झालं. आधी दिसलं ते बापाचं तोंड. ते मला दिसलंय हे त्यांना कळलं होतं, म्हणून घरी पोचेपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत."

आता आंटींच्या घरातलंच भांडण सांगते. त्यांचा पुतण्या तिशीचा, गॅरेज चालवतो. तो आणि त्याचे मित्र एकमेकांना 'चारो' म्हणतात. डर्बनच्या भारतीयांनी स्वतःला दिलेलं हे नाव आता विनोदी कार्यक्रमांत, टी-शर्टवर, सगळीकडे आहे. चारो आंटींना चालतं. पण रविवारी ब्राय लागतो, कोळशावर मटण चढतं आणि ही मुलं रंगात आली की एकमेकांना 'ए कुली' म्हणायला लागतात. मग आंटी घरात निघून जातात. मी एकदा पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, गोऱ्यांनी हा दगड आमच्यावर फेकला. तो उचलून आम्ही आमच्या घराच्या भिंतीत बसवला. आता त्यांना तो परत फेकता येणार नाही." आंटी आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्याला लागला नाही तो दगड, म्हणून तुला भिंत सुचते."

मी बराच काळ दोघांच्या मधोमध उभी होते. पुतण्याचं म्हणणं पोकळ नाही. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय की गोरे लोक भारतीयांना 'सामी' म्हणून हिणवायचे, कारण तमिळ नावांच्या शेवटी स्वामी असतं. एखादा हजरजबाबी भारतीय मग उत्तर द्यायचा, "सामी म्हणजे धनी, आणि मी काही तुमचा धनी नाही." म्हणजे शिवी उलटवायची ही कला इथे सव्वाशे वर्षं जुनी आहे. वर्णभेदाविरुद्ध लढलेले स्टीव्ह बिको याच डर्बनमध्ये वैद्यकीय शिकत होते. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी 'नॉन-व्हाइट' हे नाव झुगारलं, आम्ही कुणाचे 'नॉन' नाही म्हणाले, आणि 'ब्लॅक' हा शब्द छातीवर मिरवला. त्या 'ब्लॅक'मध्ये भारतीय वंशाचेही होते. स्ट्रिनी मूडली, सॅथ्स कूपर ही नावं इथे आजही आदराने घेतात. आपल्याकडे 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं आणि वरून दिलेलं 'हरिजन' नाकारून स्वतः निवडलेलं 'दलित' पुढे केलं. आपण काय म्हणवून घ्यायचं हे ज्याने सोसलं त्याने ठरवावं, हे मला मनापासून पटतं.

पण मी सोसलेलं नाही. नोकरीचा व्हिसा घेऊन, विमानातून, सामानाला चाकाच्या बॅगा लावून मी आले. मागच्या वर्षी भारतातून नव्याने आलेल्या काही जणांनी क्रिकेटचा संघ काढला आणि हौसेने त्याचं नाव ठेवलं 'डर्बन कुलीज'. टी-शर्ट छापायला दिले. छापणारा इथला चौथ्या पिढीचा तमिळ माणूस. त्याने ऑर्डर घेतली नाही. ग्रुपवर चर्चा झाली: त्यांच्यातली मुलं म्हणतात की, मग आपण का नाही, आपण तर अस्सल भारतीय. 'अस्सल' हा शब्द वाचून मला फार वाईट वाटलं. रंग सारखा म्हणून त्यांच्या घरातली जखम आपली होत नाही. मी तसं लिहिलं. दोघे ग्रुप सोडून गेले, नाव मात्र बदललं.

इतकं झाल्यावर मला वाटलं होतं की हा विषय मला समजला. मग तो रविवार आला.

आंटींकडे कामाला एक झुलू बाई येतात, पंचावन्नच्या असतील. प्रौढ झुलू बाईला इथे आदराने 'मामा' म्हणतात. आपल्या मराठी कानाला चमत्कारिक वाटतं, पण मी सवय करून घेतली आहे. त्या दिवशी मामा स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या, खिडकी उघडी. अंगणात बारा-पंधरा माणसं. बोलता बोलता गाडी चोऱ्यांवर आली आणि आंटींचे दीर, एरवी अत्यंत सभ्य गृहस्थ, तो शब्द बोलले. इथल्या काळ्या माणसाला जो शब्द म्हणतात तो. अरबीतून आलेला, मूळ अर्थ इस्लाम न मानणारा. शिवकाळाच्या गोष्टी वाचलेल्या आपल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. इथे कोर्टातसुद्धा त्याला 'के-शब्द' म्हणतात आणि मीही इथे तो लिहिणार नाही. गोऱ्या राजवटीने तो कुत्र्याला हाकावं तसा वापरला. 2016मध्ये एका गोऱ्या बाईने मदतीला आलेल्या काळ्या पोलिसांना तो 48 वेळा ऐकवला. तिला 2018 साली तीन वर्षांची सजा झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. आपल्याकडे जातीचं नाव घेऊन चारचौघांत अपमान केला तर 1989च्या कायद्याने गुन्हा होतो, हे मनात धरा, म्हणजे या शब्दाचं वजन कळेल.

अंगणात कुणीच काही बोललं नाही. पुतण्याने चिमट्याने मटण उलटलं. आंटींनी मान खाली घातली. मीही गप्प बसले. खिडकीतला नळाचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

दोन्ही बाजूंनी हे आहे, हेही सांगायला हवं. झुलूमध्ये भारतीयांना 'अमाकुला' म्हणतात, कुलीपासूनच झालेला शब्द. 2011 साली इथले राजकीय नेते ज्युलियस मलेमांनी जाहीर भाषणात तो वापरला आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. जानेवारी 1949मध्ये याच शहरात आफ्रिकी आणि भारतीय एकमेकांवर उठले, 142 माणसं गेली. त्यात 87 आफ्रिकी होते आणि 50 भारतीय. आंटींच्या आईने त्या रात्री मुलांना कोंबड्यांच्या खुराड्यात लपवलं होतं, आणि सकाळी त्यांना भाकरी आणून दिली ती शेजारच्या झुलू कुटुंबाने. हे सगळं आंटींना पाठ आहे, त्यांच्या दिरांनाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून मी गांधींचं जुनं लिखाण काढलं. सप्टेंबर 1896मध्ये ते मुंबईला आले होते. फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. गांधींचा आवाज फुटेना, म्हणून दिनशा वाच्छांनी त्यांचं भाषण वाचून दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना कुली म्हणून कसं वागवतात याचं ते गाऱ्हाणं होतं. त्याच भाषणात तक्रार आहे की आम्हाला या रानटी... आणि पुढे तोच के-शब्द... यांच्या पातळीला नेऊन बसवू पाहतात. पुढे गांधी बदलले, खूप बदलले, हे मी मानते. पण घानाच्या विद्यापीठातून तिथल्या प्राध्यापकांच्या मागणीवरून 2018 साली त्यांचा पुतळा हलवला तेव्हा मला त्या प्राध्यापकांचा राग आला होता, तो त्या रात्री गेला. एका शब्दाने दुखावलेला माणूस त्याच श्वासात दुसरा शब्द वापरतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. पुतण्याला 'कुली' शब्द आपला करून घ्यायचा असेल तर त्याने जरूर करावा. पण ज्या अंगणात त्याने तो दगड भिंतीत बसवला, त्याच अंगणातून दुसऱ्याच्या अंगावर दगड जाताना तो मटण उलटत राहिला. त्या भिंतीवर माझा विश्वास आता बसत नाही. मी त्याला हे सांगितलं. तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. हल्ली बोलतो. काकांनी नंतर एकदा तो शब्द काढला तेव्हा तो उठून गेला, असं आंटी म्हणाल्या.

मामांशी बोलायला मला त्याहून जास्त दिवस लागले. एका बुधवारी त्या बसथांब्याकडे निघाल्या होत्या, मी सोबत चालत गेले. म्हटलं, त्या रविवारी मी ऐकलं आणि गप्प बसले, मला क्षमा करा. त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही ऐकलं. ते माझ्याशी नव्हते बोलत, म्हणून मी भांडी पुरी केली." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही इंडियातल्या इंडियन. तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात?"

पुण्याहून फोन येतात. काकू, मावशी, माझी शाळेतली मैत्रीण, सगळ्या प्रेमाने चौकशी करतात, आणि त्यातली एक तरी विचारतेच, "तिकडे त्या हबश्यांची भीती नाही का गं वाटत?" मीही इथे येण्यापूर्वी हाच शब्द वापरून आईला विचारलं होतं की तिथे आपला निभाव लागेल का.

बस यायला अजून वेळ होता. मी मामांना तो शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, उच्चार बरोबर आहे का ते विचारलं. मी हो म्हटलं.