पावणेतीन मिलिमीटर

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या मागच्या खोलीत विदर्भ एक्स्प्रेस रुळांवरून घसरली. गाडी पाचच डब्यांची होती आणि डब्यांत कोणी बसलेले नव्हते, त्यामुळे चौकशी समिती नेमावी लागली नाही. पण आठवड्यातला हा तिसरा प्रसंग होता आणि तिन्ही वेळा गाडी एकाच ठिकाणी, खिडकीजवळच्या दोन फळ्यांच्या सांध्यावर घसरली होती. इंजिनाची चाके तपासली, रुळांच्या जोडपट्ट्या चिमट्याने आवळल्या, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून डोळा रुळांच्या पातळीला आणला तेव्हा कारण दिसले. खिडकीत कूलर होता. बाहेर ४५ अंशांचे ऊन आणि आत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला वारा. पंधरा दिवस तो वारा पिऊन प्लायवुडची कड फुगली होती आणि एक फळी दुसरीपेक्षा नखभर वर आली होती. मी कूलर बंद केला. पाच मिनिटांत सौ. दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता त्या गाडीसाठी आम्ही घामाघूम होऊन राहायचं का?" कूलर पुन्हा सुरू झाला. खऱ्या रेल्वेचे रूळ नागपूरच्या उन्हाने तापून वाढतात, तर आमच्या रेल्वेचा घात गारव्याने केला.

सांधा तासता तासता रुळांमधले अंतर तर बिघडले नाही ना, म्हणून बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर लावून पाहिला. अंतर नेमके साडेसोळा मिलिमीटर होते, आणि हा आकडा समोर आला की माझी एक जुनी ठसठस जागी होते. आमचे प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याचा ८७वा भाग. साडेसोळाला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, आणि ते अंतर युरोप-अमेरिकेतल्या रुळांचे आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस उरतात. बाजारात रूळ मिळतात ते साडेसोळाचे, म्हणून माझी विदर्भ एक्स्प्रेस पावणेतीन मिलिमीटर कमी रुंदीच्या रुळांवरून धावते. अंगाने पैलवान आणि पायांत लेकराच्या चपला, असे तिचे रूप आहे. ही साडेपाच फुटांची रुंदी आपल्याकडे डलहौसीच्या काळात ठरली. त्याच डलहौसीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले, तेव्हा त्याच्याविषयी आमच्या मनात आधीही फारसे प्रेम नव्हते.

समाधान एवढेच की खुद्द इंग्रजांच्या घरातही हेच दुखणे आहे. त्यांची इंजिने अंगाने लहान. ८७व्या भागाला आणली तर त्या काळच्या विजेच्या मोटारी आत मावत ना, म्हणून त्यांनी गाड्या ७६व्या भागाच्या केल्या आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. मग काहींना ते सहन होईना. त्यांनी रूळ १८.२ मिलिमीटरवर नेले, आणि त्यांच्यातल्या कडव्यांना तेही पुरेना तेव्हा १८.८३ वर. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवरून पंथ पडावेत हे वाचून मला हसू आले नाही. आपली माणसे सापडल्यासारखे वाटले.

नागपुरात आम्ही असे सहा-सात जण आहोत. महिन्यातून एखाद्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, तर्री-पोहे होतात, आणि मग ज्याने त्याने आपापल्या लेआउटचे, म्हणजे फळीवरच्या मांडणीचे, नवे फोटो दाखवायचे असतात. या फोटोंचे एक शास्त्र आहे. कॅमेरा रुळांच्या पातळीवर ठेवायचा, म्हणजे थर्मोकोलचा सातपुडा उंच दिसतो आणि घोसाळ्याच्या जाळीची झाडे खरी वाटतात. एवढे करूनही एकाच्या फोटोत डोंगरामागे कालनिर्णय उगवलेच आणि त्यावरची संकष्टी आम्हांला स्पष्ट वाचता आली. फोटो पाहताना कोणी कोणाला 'पूर्ण कधी होणार' असे विचारत नाही. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि हॅम्बुर्गमध्ये २००१ सालापासून तर अख्खे नगरच मांडले आहे. त्यांचे विषय निघाले की सगळे क्षणभर गप्प होतात आणि पुन्हा आपापल्या दहा बाय बाराच्या खोलीकडे वळतात.

आमच्यातल्या एका वकीलसाहेबांनी नागपूरची डायमंड क्रॉसिंग करायला घेतली आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई मार्गांचे रूळ काटकोनात एकमेकांना छेदतात ती ही जागा. तिच्या थोरवीवरून वाद घालायला या गावात कोणीही, कोणत्याही वेळी तयार असतो. त्या वादात मी पडत नाही. पण बारा व्होल्टच्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, एक रूळ धन आणि एक ऋण, आणि असे दोन मार्ग एकमेकांना कापू लागले की धन-ऋणाची गाठ पडून ट्रान्सफॉर्मर हात वर करतो. म्हणून क्रॉसिंगच्या पोटात रूळ बारीक कापून मधे प्लॅस्टिक घालावे लागते. तसे केल्यापासून साहेबांचे इंजिन क्रॉसिंगच्या बरोबर मध्यावर येऊन प्राण सोडते. मग साहेब त्याला करंगळीने ढकलतात, आणि 'सिग्नल मिळाला' म्हणतात.

खोटेपणाच मोजायचा तर आमच्या छंदात तो पावलोपावली आहे. खरी गाडी बावीस डब्यांची असते. ८७व्या भागात तिची लांबी सहा मीटर होईल, आणि माझी खोली बारा फुटांची आहे. ब्रॉडगेजच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर, म्हणजे आमच्याकडे दोन मीटर हवी, आणि पूर्ण फेऱ्यासाठी चार मीटर रुंद खोली. मी तो फेरा दीड फुटाच्या त्रिज्येत उरकतो. एकदा तर हिशेबाच्या भरात नागपूर ते मुंबई हे ८३७ किलोमीटरही मी ८७ ने भागले. साडेनऊ किलोमीटरांहून थोडे अधिक आले. म्हणजे सीताबर्डीवरून निघालो तर वर्धा एका किलोमीटरच्या आत लागेल आणि मुंबई लागेल ती नागपूरच्याच विमानतळाच्या जरा पुढे, वर्धा रोडवरच. हे गणित मी रात्री झोप येत नसली की अजूनही करतो.

एवढी सगळी काटछाट चालते आणि पावणेतीन मिलिमीटरच का चालत नाहीत, असे मला रविवारी सगळ्यांनी विचारून झाले आहे. माझे म्हणणे असे की लांबीची काटछाट उघड असते. पाच डबे पाहणाऱ्याला ते पाचच आहेत हे कळते आणि तो उरलेले सतरा मनाने जोडून घेतो. रुंदीचे खोटे मात्र गाडीच्या पोटाखाली लपलेले असते, आणि ते ठाऊक असलेला माणूस एकटाच त्याच्याशी झुरत बसतो. हे उत्तर कोणाला पटल्याचे आठवत नाही.

त्या दुपारी व्हर्नियर हातात होता, म्हणून सहज दुसऱ्या, छोट्या फळीकडे वळलो. ही फळी मी कोणाला फारशी दाखवत नाही. तिच्यावर नऊ मिलिमीटरचे रूळ आहेत. ते खरे म्हणजे त्याहून बारक्या, १६०व्या भागाच्या गाड्यांसाठी विकले जातात. पण मी ते नॅरोगेजसाठी टाकले. आपली छोटी लाइन ७६२ मिलिमीटरची होती. ७६२ भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. आणि रूळ नऊचे. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. मोठ्या गाडीसाठी इतकी वर्षे झुरलो आणि लहान गाडी मात्र कोणी न सांगता मापात बसली होती. खरी लाइन आता उरलेली नाही. छिंदवाड्याकडची २०१५ साली बंद झाली, नागभीडकडची २०१९च्या अखेरीस, आणि दोन्ही ठिकाणी रुळांची रुंदी वाढवायचे ठरले. इंजिने पाहायची तर कडबी चौकाजवळ मोतीबागेतले संग्रहालय आहे, २००२ पासून. तेथे मी टेप घेऊन गेलो होतो आणि डब्याच्या पायऱ्यांची मापे घेताना एका शाळेच्या सहलीने मला रेल्वेचा साहेब समजून नमस्कार केला होता.

आमचे आजोळ उमरेडच्या पुढे होते. दर उन्हाळ्यात आई आम्हां भावंडांना घेऊन इतवारीहून त्या गाडीत बसायची आणि दुपार कलेपर्यंत गाडी चालतच राहायची. खिडकीत बसले की कोळशाचे कण डोळ्यांत जात, आणि खिडकी सोडवत तर नसे. एका हॉल्टवर, ज्याचे नाव मला कितीही केले तरी आठवत नाही, आई फिरकीचा तांब्या घेऊन नळावर उतरली. नळाला पाणी करंगळीएवढे येत होते. तांब्या अर्धा भरला असेल-नसेल तोच शिट्टी झाली आणि गाडी हलली. मी एवढ्या जोराने ओरडलो की समोरच्या म्हातारबुवांच्या हातातले बिडीचे बंडल खाली पडले. आईने वळून पाहिले. तिने तांब्या काढून घेतला नाही. तो काठोकाठ भरू दिला, झाकणाची फिरकी आवळली, पदर खोचला, आणि गाडीच्या बरोबरीने चालत येऊन, धावत नव्हे, चालत येऊन, दांडा धरून आत चढली. मागे गार्ड हिरवे निशाण हातात धरून हसत होता. "ओरडायला काय झालं बे?" ती म्हणाली. "ही गाडी आहे, आगगाडी थोडीच आहे!"

छोट्या फळीवर तोच हॉल्ट आहे. चाळलेली रेती, एक निंब, एक नळ. या मापाची तयार माणसे विकत मिळतात, पण ती सगळी ओव्हरकोट आणि हॅट घातलेली असतात. मे महिन्यात उमरेडच्या अलीकडे त्यांचे काय काम? म्हणून तारेवर मेण चढवून एक बाई मीच केली. आईची उंची पाच फूट होती; ८७व्या भागात ती साडेसतरा मिलिमीटर भरते. लुगड्याचा रंग तीनदा चुकला. तांब्या तर दोन-सव्वादोन मिलिमीटरचा होत होता, आणि तेवढा तांब्या कोरील असा माझा हात नाही. शेवटी मोहरीचा एक दाणा पितळी रंगात बुडवला आणि तिच्या हातापाशी चिकटवला.

गाडी जवळून गेली की फळी थरथरते आणि तो दाणा पडतो. त्या दुपारीही पडला. कूलरच्या ओलीने डिंक धरत नसावा. मी रेतीत थोडा वेळ शोधला, पण ती रेतीही त्याच रंगाची आहे, तेव्हा मग उठून स्वयंपाकघरात गेलो आणि मोहरीचा डबा काढला.