डोंबिवलीची डेम्लो संख्या आणि न लागणारा हातचा

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, उलटसुलट सारखीच वाचता येणारी ही संख्या ठाणे जिल्ह्याची आहे असं म्हणायला हरकत नाही. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले (डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं), आणि त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना अशा संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं, म्हणून नाव पडलं डेम्लो संख्या. कापरेकर म्हटलं की सगळे ६१७४ (त्यांच्या नावाचा प्रसिद्ध स्थिरांक) काढतात. मला मात्र डेम्लो जास्त प्रिय, कारण तिचं गुपित शाळेतल्या गुणाकारातच आहे.

१११११११११ (नऊ एक) ला स्वतःनेच गुणलं की ही संख्या येते. चौकटीची वही घ्या. १११११११११ एका ओळीत लिहा. खाली तीच ओळ एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. आता उभी बेरीज करा: उजवीकडून पहिल्या रकान्यात एक एकक, दुसऱ्यात दोन, मधल्या नवव्यात नऊ, आणि पुढे पुन्हा उतरंड. कुठेच हातचा येत नाही, म्हणून रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. एखादी ओळ घर चुकून सरकली तर उतरंड लगेच मोडलेली दिसते.

१५ × ११ = १६५, २३ × १११ = २५५३, ४३ × ११११ = ४७७७३ या सुद्धा डेम्लो संख्याच. दोन टोकांची बेरीज मधे येऊन बसते (४ + ३ = ७), आणि कारण तेच.

आता सुरुवातीच्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज करा: ८१. संख्येला ८१ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे ही कापरेकरांची हर्षद संख्याही (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) झाली. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. त्या १२३४५६७९ मध्ये आठ नाही! आणि मूळ संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने गुणलं, तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. मूळ अवयव फक्त तीन: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. त्यामुळे विभाजक एकूण ४५.

नऊच्या जागी दहा वेळा १ लिहून (११११११११११) वर्ग केला की सगळं कोसळतं. मधल्या रकान्यात १० येतात, शून्य लिहून हातचा एक; शेजारच्या नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा; आठाचे नऊ होतात आणि साखळी थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, आरसा फुटला. अंकांची बेरीज १०० व्हायची ती ८२ झाली, कारण प्रत्येक हातचा बेरजेतून ९ खातो. ८२ सम, संख्या विषम, म्हणजे हर्षदपणाही गेला.

पडताळा घेताना एक्सेलवर विसंबू नका. ते पंधराच सार्थ अंक ठेवतं, शेवटी ३२१ च्या जागी ३०० दाखवतं. जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा ३२० देते, कारण ९००७१९९२५४७४०९९२ च्या लगेच पुढच्या पट्ट्यात तिथल्या साध्या संख्याप्रकारात विषम संख्या मावतच नाहीत. पायथॉन या दुसऱ्या संगणकभाषेचे पूर्णांक सतराही अंक बरोबर देतात, आणि चौकटीची वहीसुद्धा.