टॅक्स घेता ना, मग गॅरंटी पण द्या

पुण्यात बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक केला की 5 टक्के जीएसटी, वर 7 टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे 60 लाखांच्या घरावर सात लाखांच्या वर नुसता टॅक्सच जातो. मला टॅक्सबद्दल तक्रार नाही, पण मग भिंतीत ओल आली, टाइल्स उचकटल्या तर जबाबदारी कोणाची? रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे, पझेशनपासून 5 वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, आणि हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं हो! आमच्या सोसायटीत गच्ची गळायला लागली तर बिल्डरचा माणूस म्हणे मेंटेनन्समधून करा. अजिबात करू नका, आधी लेखी तक्रार द्या, फोटो ठेवा, नाहीच ऐकलं तर सरळ महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा.