सुक्रेची ओळ

सकाळी आमच्या बोलिव्हियाच्या सहलीची शीट उघडली तर सुक्रे या शहराची ओळ गायब. साधी विचारपूसही नाही, सरळ उडवलेली, आणि खालच्या सगळ्या तारखा दोन दिवसांनी वर सरकलेल्या. बाजूला सोबत येणाऱ्या नंदूची टिप्पणी: "इथे आहे काय? ला पाझला उतरू, रात्रीची बस धरू, सकाळी उयुनी. दोन दिवस वाचले!"

एवढ्याशा गोष्टीचं लावून घ्यायचं नसतं. पण लागलं.

बोलिव्हियाच्या शीटमध्ये मी गावाच्या आधी उंची लिहिते. सांताक्रूझ ४०० मीटर, सुक्रे २,८००, पोतोसी ४,०००च्या वर, उयुनी साधारण ३,६५०. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला, ४,०६० मीटरवर. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी तिथे पोचत नाहीत. मुंबईहून निघालेला माणूस विमानातून थेट तिथे पाऊल ठेवतो. रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. म्हणजे वाचलेले दोन दिवस गेलेच की. ३,०००च्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हे वाचलेलं सगळ्यांनी असतं. पण ते ट्रेकवाल्यांसाठी, बसने जाणाऱ्यांना काय त्याचं, असा समज.

म्हणून आधी सुक्रेत दोन दिवस, अंगाला उंचीची सवय व्हायला. तिथून उयुनी हीसुद्धा ८५० मीटरची उडी, नियमात बसत नाहीच. म्हणूनच पोतोसीत मुक्काम नाही, बस तिथून फक्त पुढे जाते. आणि उयुनीत पुढच्या जीप सफरीच्या आधी एक अख्खा दिवस रिकामा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगून. गोळी घेतली म्हणून रिकामा दिवस कापायचा नाही.

कारण खरी परीक्षा जीपच्या दुसऱ्या रात्री. लागुना कोलोरादा या तळ्याच्या आसपास ४,३०० मीटर. जून-जुलैत पारा शून्याच्या कितीतरी खाली, फोनची बॅटरीसुद्धा स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. तिथे कुणाला बसल्या जागी धाप लागली तर तातडीने खाली न्यायला हवं. सीमेपलीकडे चिलीतलं सान पेद्रो २,४०० वर आहे खरं, पण वाटेत सोल दे मान्यानाचा वाफाळता माळ, ४,८०० च्या वर. उतरायचं तर आधी चढायचं. उलटं उयुनीला यायचं तर कच्च्या रस्त्याने कित्येक तास.

लडाखचं त्याला आठवत नसेल? जाऊ दे.

टोचलं ते "इथे आहे काय" हेच. रिकामा दिवस कुणाला दिसतच नाही. सहलीत कुणी आजारी पडलं नाही तर म्हणणार, हवा छान होती. रस्ता रोको झाला आणि बस अडली, तर मात्र मीच शोधायचं की अडथळ्यापर्यंत टॅक्सी, पुढे पाठीवर सॅक घेऊन चालत, पलीकडे दुसरी गाडी. तेही नाही जमलं तर चिलीतल्या कालामाहून परतीचं विमान चुकू नये म्हणून आधी दोन दिवस मोकळे हवेत. ते नंदूच्या नजरेतून कसे सुटले कोण जाणे. बहुतेक अजून खाली स्क्रोल केलं नसेल.

दुपारी ओळ परत घातली. शीर्षक: "डायनोसॉर, २ दिवस". खोटं काही नाही. सुक्रेला सिमेंटच्या खाणीत 'काल ओर्को' नावाची जागा आहे: चुनखडीची जवळजवळ उभी भिंत आणि तिच्यावर पाच हजारांहून जास्त पाऊलखुणा. अर्ध्या तासात नंदूचा अंगठा आला, वर "हे आधी का नाही सांगितलंस?" आता यावर काय बोलणार. पुढच्या वेळी उंचीचा रकाना लपवूनच ठेवीन.

पिवळ्या तापाच्या लशीवरही वाद होणार. "उंचावर डास कुठे?" पण परतल्यावर आपल्याकडे कुठल्या देशातून आलात ते बघतात, किती मीटरवरून ते नाही, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच कार्ड ग्राह्य, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालणार नाही.

सोबत येणाऱ्या शमाला रात्री फोन करायचाय. चिलीच्या सीमेवर बॅगा उघडतात. फळं, बिया, कोकाची पानं चालत नाहीत, आणि खायचं काहीही असेल तर फॉर्मवर लिहावं लागतं, नाहीतर दंड. मेतकूट तिने जीपमध्येच संपवावं.