आबांचा डावा हात

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. करवीर तालुक्यातले आबा आणि त्यांचा मुलगा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये आले. मुलाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. "हंगामाचा पयला हाय म्याडम," म्हणत त्यानं तो टेबलावर ठेवला.

आबांनी चाळीस वर्षं गुळव्या म्हणून काढली, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस आटवून गूळ करत. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ऐकलेलं बहुतेक कळायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. ब्रोका अफेझिया म्हणतात तो हाच. "त्ये… त्ये…" आणि "हां", एवढंच उरलं होतं.

त्यांच्याबाबत मी एक नियम केला होता: हात मांडीवर, जे काय असेल ते तोंडानं सांगायचं. हातानं भागलं तर जीभ कशाला कष्ट घेईल, असा माझा हिशोब. घरीही हेच सांगितलं होतं. आबांनी पेल्याची खूण केली तरी काकू तांब्या धरून "पाणी" या शब्दाची वाट बघत उभ्या राहायच्या. हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

त्या दिवशी कप, चावी, गाय ही चित्रं नेहमीसारखीच गेली. आबा घामाघूम झाले. थोडी उसंत म्हणून मी गुळाचा खडा हातात घेतला आणि सहज विचारलं, "आबा, काहिलीतला पाक झाला हे कसं वळखता वो?"

डावा हात मांडीवरून उठला. मी अडवला नाही. हवेत एका ठरावीक उंचीवर, जणू काहिलीचा काठ तिथंच आहे, त्यांनी चिमूट खाली नेली, झटकन बाजूला वळवली आणि बुडवली. पाण्यातच ती, गार पाण्यात. मग अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर फिरू लागली, सावकाश, दाब कमी-जास्त करत. चेहऱ्यावरचा ताण गेला. नजर बोटांवर होती. तीन-चार वळसे झाले आणि तोंडातून स्वच्छ शब्द आला, "गोळी."

मग पुन्हा, "पाण्यात… गोळी."

मुलगा खुर्चीतून उठलाच. मी म्हटलं, "आणि कच्चा असला तर?" बोटं सैल पडली, एकमेकांपासून ओढत लांब झाली. "चि… चिकाट."

मला राहवेना. एका काहिलीत तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती पडतात, विचारलं. तोंड म्हणालं "दोन". हात मात्र चार बोटं दाखवत होता. आबांनी स्वतःच्याच शब्दावर मान झटकली, पुन्हा म्हणाले "दोन", आणि चार बोटं आणखी पुढं केली. मुलगा म्हणाला, "चारच पडत्यात म्याडम. बोटं बरोबर सांगाल्यात."

मला पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला माणूस आठवला. 1861 साली पॉल ब्रोकानं ज्याच्यावरून हा आजार मांडला, तो. त्याला "तां"पलीकडे जवळपास काही बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला तांच म्हणत. इथं किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्यानं डाव्या हाताची पाचही बोटं चारदा उघडली आणि शेवटी एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. हे मी शिकताना वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. तरी माझ्यासमोरच्या माणसाचा हात मी मांडीवर बसवून ठेवला होता.

हातवारे समोरच्याला दिसावेत म्हणून असतात, हे आपण गृहीत धरतो. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवलं, की जन्मांध मुलंही बोलताना हात हलवतात, ऐकणारा आंधळा आहे हे माहीत असतानाही. हावभावांचे अभ्यासक डेव्हिड मॅकनील यांचं तर म्हणणं, बोलणं आणि हावभाव ही एकच व्यवस्था आहे. सगळ्या रुग्णांना हात असा साथ देत नाही, काहींच्या खुणाही शब्दांबरोबर मोडतात. पण आबांचा हात शाबूत होता, आणि तो शब्दाला ओढून वर आणत होता. अडसर मीच घातला होता.

मी मुलाला तसं स्पष्ट सांगितलं. "माझं चुकलं. आजपासनं आबांचा हात धरायचा न्हाई. खूण केली की पाणी द्यायचं, आणि देताना आपण म्हणायचं, पाणी." पुढच्या वेळी चित्रं आणू नका, झारा नि वाटी आणा, असंही सांगितलं.

ते बाहेर पडले. दारातून दिसत होतं, मुलानं आईला फोन लावला होता. "गोळी म्हनले गं! पाण्यात गोळी!" मोबाइल एका कानाला, आणि मोकळ्या हाताची तीन बोटं एकमेकांवर फिरत होती.