निकोटीन पॉझिटिव्ह

सरकारी रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. आमची खोली नेत्र विभागाच्या मागे, त्यामुळे निम्मे लोक चष्म्याचा नंबर काढायलाच आत डोकावतात. त्या दिवशी टेम्पोवाले काका आले ते विम्याचा कागद नाचवतच. "ताई, हे बघा. मला सिगारेट ओढणारा ठरवलंय!"

काकांची सिगारेट सुटून चार वर्षं झाली. पूर्वी डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत पहिली पेटायची. व्यसन किती मुरलंय ते मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत एवढ्या एका उत्तराला पूर्ण 3 गुण आहेत. त्यांना मी 4 मिलिग्रॅमच्या निकोटीन गमवर, म्हणजे सिगारेटऐवजी चघळायच्या निकोटीनच्या गोळीवर, चढवलं होतं.

गम शिकवणं हे माझं आवडतं काम. ती सलग चघळायची नाही. सावकाश चावायची, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायची. एक गोळी अर्धा तास पुरवायची. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, कारण तोंड आंबट असलं की निकोटीन गालातून शिरत नाही, गिळलं जातं आणि उचक्या लागतात. शिकलेली माणसं हे हमखास बिघडवतात. जन्मभर तंबाखू मळून दाढेत धरलेल्या आजीला मात्र एकदाच सांगावं लागतं.

वेळापत्रकात गम साधारण बारा आठवडे. काका 2 मिलिग्रॅमवर उतरले, पण दिवसाच्या पाच-सहा गोळ्या काही सुटल्या नाहीत. "एक व्यसन सोडून दुसरं लावून घेतलंत," असं आमच्याच ओपीडीतले एक डॉक्टर त्यांना सुनावून मोकळे झाले होते. निकोटीन माणसाला बांधून ठेवतं. जीव घेतो तो जळत्या तंबाखूचा धूर. हे डॉक्टरांना मी सांगायचं!

विमा कंपनीने लघवीत कोटिनीन तपासलं होतं. शरीर निकोटीनचं कोटिनीन करतं. ते धुरातून आलं की गोळीतून, हे त्या तपासणीला कळत नाही. मी काकांना आमच्या यंत्रात फुंकायला लावलं. धुरातून श्वासात येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू 2 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग. रोज ओढणाऱ्याचा आकडा बहुधा दहाच्या वर जातो. पण एक दिवस ओढली नाही तरी तो खाली येतो, म्हणून कंपनी तो मानत नाही, आणि त्यात तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. अ‍ॅनाबेसिन तपासलं तर उलगडा होतो. ते तंबाखूच्या पानात असतं, गममध्ये नसतं. लॅबमध्ये विचारलं, तर नावच दोनदा विचारलं गेलं.

दाखला लिहायला घेतला. वरिष्ठ म्हणाले, "नुसतं व्यसनमुक्त लिहा, गम कशाला?" मी लिहिलं : धूम्रपान बंद, निकोटीन गम चालू. कंपनीचं उत्तर आलं : बारा महिन्यांत कोणत्याही रूपात निकोटीन घेतलं असेल तर हप्ता धूम्रपान करणाऱ्याचाच.

काकांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे ओढत राहिलो असतो तरी हप्ता हाच?"

त्यांचा भाचा इंग्लंडमध्ये आहे. तिथे सरकारनेच 2023 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे, किट द्यायची योजना काढली. आपल्याकडे 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी. तिथल्याच 2019 च्या एका चाचणीत वर्षभर सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेपवाले 80 टक्के अजून व्हेप ओढत होते; गम किंवा अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी यांसारखं औषध घेणाऱ्यांत फक्त 9 टक्क्यांचं ते चालू होतं. काका त्या नवातले. आमच्या रजिस्टरात दोनच रकाने आहेत, 'सोडलं' आणि 'सोडलं नाही'. मी त्यांना पहिल्यात टाकते, दरवेळी पेन जरा थांबतं.

आता त्यांना वर्षभर गमशिवाय राहून पुन्हा तपासणी करायची आहे. हप्त्याच्या पैशासाठी सिगारेट परत आली तर, ही भीती मला आहे, त्यांना नाही. दुपारच्या गोळ्यांऐवजी बडीशेप सुरू केली आहे. सकाळच्या पहिल्या गोळीला मी अजून हात लावलेला नाही.